पावरहाऊसवरची लाईटबाई

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माझ्या सासरी दोन जावांमध्ये जे युद्ध वर्षानुवर्षं चाललं होतं ते जमिनीवरून नव्हतं, दागिन्यांवरून नव्हतं आणि चुलीवरूनही नव्हतं. ते एका भिंतीवरून होतं. भिंतसुद्धा आमची नव्हे, वीज कंपनीची. या युद्धाचा निकाल माझ्या डोळ्यांदेखत लागला. निकाल देणाऱ्याला एसटीत बसवून मीच आणलं होतं, आणि त्याबद्दल मला आजवर एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. हळव्या आठवणी वाचायला बसलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

माझं माहेर सांगलीचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थानी गावात आले. उंब्रजला गाडी बदलायची आणि मग हाडं खिळखिळी होईस्तोवर आत जायचं. गावात शिरताना पहिली दिसायची ती पावरहाऊसची इमारत. काळा घडीव दगड, कमानीचे दरवाजे, छताजवळ उंच खिडक्या. परक्याला वाटावं हायकोर्टच आहे. संस्थानी राज्यात एका खाजगी कंपनीनं तिथं तेलावरचं इंजिन बसवून गावाला वीज दिली होती. दिवेलागणीला इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी थरथरायची, असं म्हातारी माणसं सांगत. मी गेले तेव्हा इंजिन केव्हाच भंगारात गेलं होतं, कंपनी सरकारी मंडळानं घेतली होती आणि आत फुटके मीटर, तारांची वेटोळी आणि विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे कप पडले होते. दारावर कवटी आणि दोन हाडं होती. कवटीच्या डोळ्यांत कुणीतरी काजळ घातलं होतं.

पण माणसं बघायची ती रस्त्याकडच्या भिंतीवरच्या बाईकडे. कंपनी सुरू झाली तेव्हा पुरुषांनी दुकानांत दिवे घेतले, बायका मात्र घरात वीज घेऊ देईनात. बटणाला हात लावला की अंगातलं रक्त आटतं, दूध नासतं, असं काहीबाही पसरलं होतं. म्हणून कंपनीनं सांगलीहून पेंटर आणून भिंतीवर एक बाई काढून घेतली. निळं नऊवारी, नाकात नथ, उजवा हात काळ्या बटणावर, डावा आश्चर्यानं गालावर. डोक्यावर सूर्यासारखे किरण सोडणारा बल्ब. खाली अक्षरं: ‘काडी नको, काजळी नको. बटण दाबा, घर उजळा.’ बाई अशी हसत होती की काहीतरी फक्त तिलाच ठाऊक आहे. हनुवटीवर एक ठिपका होता. रंग उडाला होता, पण ठिपका आणि हसू शाबूत होतं.

गाव तिला लाईटबाई म्हणे. नवी नवरी ग्रामदैवताला जाऊन आली की तिला पावरहाऊसला नेत. ती लाईटबाईच्या पायाला हळदीकुंकू लावायची, ओटी भरायची, मग घरातला दिवा जात नाही असा समज. ओटीचा नारळ चौकीदार घरी न्यायचा. दिवे तरीही जायचे. पण देवीवरचा विश्वास आणि वीज मंडळावरचा राग, दोन्ही आमच्या गावानं कधी एकत्र केले नाहीत.

मला तिकडे नेलं थोरल्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आईनं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. अंगानं आडव्या, वर्ण तव्याच्या पाठीसारखा, पुढचे दोन दात ओठांना न जुमानणारे. घरात त्या उसाच्या रानाबरोबर आल्या होत्या. म्हणजे रान चांगलं होतं म्हणून सोबत त्यांनाही घेतलं होतं. हे मला त्यांच्या जावेनं पहिल्याच दिवशी पाणी भरता भरता सांगितलं.

ओटी भरून झाल्यावर आत्याबाईंनी माझी हनुवटी धरून वर केली.

“बघ नीट. कोन दिसतंय?”

मी भिंतीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता खरा. बाकी दोघींत साम्य एवढंच की दोघीही उभ्या होत्या.

“हुबेहूब तुमीच की, आत्याबाई!”

त्यांनी मला तिथंच पेढा भरवला.

संध्याकाळी धाकट्या सासूबाईंनी परसात गाठलं. यांचा नवरा पलटणीतून सुटून बाहेरगावी पहारेकरी, वर्षाकाठी एकदा यायचा. उरलेलं वर्षभर या आरशाशिवाय आणि थोरलीशिवाय कुणाशी बोलत नसत. उतारवयातही देखण्या होत्या आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत.

“भितीवरची बाई बगितलीस? कोन वाटली?”

“आता ते काय सांगाया पायजे? तुमीच!”

त्यांनी मला गजरा दिला. रात्रीच्या जेवणापर्यंत दोघींचं एकमेकींना सांगून झालं होतं. माझ्या ताटात पेढ्यांऐवजी शब्द वाढले गेले.

दोघींचे पुरावे पक्के होते. थोरल्या म्हणत, कंपनीच्या उद्घाटनाला मोठ्या घरच्या बायकांना बोलावलं होतं, तेव्हा नव्या नवरीनं म्हणजे त्यांनी बटण दाबलं, आणि पेंटर समोर तोंड उघडं टाकून उभा होता. धाकट्या म्हणत, त्यांचं माहेर पावरहाऊसच्या समोरच. पेंटर परांचीवर चढला की थेट त्यांच्या अंगणात बघायचा आणि पाणी मागायचं तर त्यांच्याच हातचं. ठिपका? धाकट्यांच्याही हनुवटीवर होता.

“लग्नानंतर गोंदवून घेतलाय तिनं, भितीवरचा बगून,” थोरल्या म्हणायच्या. “दुसऱ्याचं कुक्कू न्हाई चोरता आलं, ठिपका चोरला.”

“थोरल्या बाईंचं चितर काढाया पेंटर कशाला लागतोय? डांबराचा डबा भितीवर सांडला तरी भागतंय.”

“आन् तुजं काढलं असतं तर पयल्या पावसात उतरलं असतं. रंग वरवरचाच हाय तुजा.”

हे भाकरी थापता थापता चालायचं. भाकरी दोघींच्याही सुरेख गोल व्हायच्या. राग आला की हात नीट चालतो, हे मी त्या घरात शिकले.

थोरल्यांकडे एक हुकमी पान होतं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, पावरहाऊसच्या रस्त्यानं कधी जात नसत. रानात जायला तो सरळ रस्ता. पण हे ओढ्याच्या कडेनं वळसा घालून चिखल तुडवत जायचे. “बायकू भितीवर हाय, समदं गाव बगतंय, गड्यामानसाला कसं सोसावं?” असं थोरल्या मान वेळावून सांगत. यावर धाकट्या नुसती भाकरी जोरात आपटायच्या.

मामंजी स्वतः काहीच म्हणत नसत. गोरे, शेलाटे, लांब बोटांचे, आणि तोंडभर दाढी. दाढी कसल्याशा नवसाची होती. कुठल्या देवाचा नवस, हे कुणाला माहीत नव्हतं. ओसरीच्या खांबाला त्यांचा एक आरसा टांगलेला असे आणि रोज सकाळी त्यात बघत ते दाढी विंचरत. त्या आरशाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बायकोशी बोलायचे ते छताकडे किंवा बैलाकडे बघून. त्यांच्या तरुणपणी संस्थानच्या गणेशोत्सवात नाटकं व्हायची, पोरं पडदे ओढायची, पार्टं करायची, आणि मामंजी त्या घोळक्यात असायचे म्हणून त्यांच्या बापानं एकदा त्यांना गोठ्यात बांधून घातलं होतं, एवढं कानावर आलं होतं. तो घोळका एकेक करून वर गेला होता.

एक मात्र आठवतं. पहिल्या सणाला मी नऊवारी नेसून घाईनं ओसरीवरून चालले होते. मामंजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरी, डावीकडनं काष्टा सुटतोय. निऱ्या मधी घेऊन पुन्हा खोच.” मी आत जाऊन बघितलं तर खरंच सुटत होता. सासऱ्याला हे कसं कळलं, असा प्रश्न मनात आला. पण नव्या सुनेनं प्रश्न मनातच ठेवायचे असतात. मी जपून ठेवला.

मग बातमी आली की दिवाळीनंतर पावरहाऊसच्या भिंतीला चुना लागणार आणि लाईटबाईच्या जागी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण येणार, आई-बाप आणि दोन हसरी मुलं. गावाला फारसं काही वाटलं नाही. चौकीदाराला नारळांचं वाटलं असेल. पण थोरल्या दोन वेळा जेवल्या नाहीत, आणि त्यांनी जेवण सोडणं म्हणजे नदी उलटी वाहणं.

तिसऱ्या वेळेला ताटावर बसल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या. “माजा येक फोटू न्हाई. लग्नात काडला न्हाई, पोरं झाली तवा काडला न्हाई. उद्या मी मेले की तुमी फोटूवाल्याला आणून मेलेलीच बसवून काडणार, नाकात कापूस घालून. ते मला नगं. चुना लागायच्या आधी त्या भितीफुडं माजा फोटू काडा. मी खाली, तरणी मी वर. नातवंडांनी बगितलं पायजे, म्हातारी येके काळी कशी हुती. आन् पेंटराला आणा. त्यानं समद्या गावाफुडं सांगू दे.”

“काडा की फोटू,” धाकट्या ताक ओतत म्हणाल्या. “खाली लिवा, ‘वरची आन् खालची येक न्हवं.’ न्हाईतर मानसं घाबरतील, वीज अंगावर पडली की काय हिच्या.”

थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आणि ठरवलं की पेंटर शोधायचाच. दया आली म्हणून नव्हे. निकालाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसायला मिळावं म्हणून.

भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही होती आणि पुढे ‘सांगली’. माहेरपणाला गेले तेव्हा विचारत विचारत विश्रामबागच्या पुढे एका गॅरेजात पोचले. तिथं एक पिकलेला चाचा लॉरीच्या पाठीवर कमळ काढत बसला होता. जाड भिंगाचा चष्मा, बोटांच्या पेरांत जुना रंग. मी गावाचं नाव सांगितलं, भिंत सांगितली.

“ती बाई व्हय?” ब्रश थांबला. “हाय अजून?”

“हाय. पण कोनाची हाय यावरनं आमच्या घरात भांडान चाललंय. दोगी म्हनत्यात, माजीच.”

“दोगी?”

“व्हय. सख्ख्या जावा.”

“आन् ती बाई तुमच्याच घरातली, असं म्हनताय?”

“दोगीतली येक कोनतरी असंलच की!”

चाचा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता कमळाची पाकळी बिघडली. मग डोळे पुसून म्हणाला, “नाव इसरलो बाई. पन मी काडलेलं तोंड इसरत न्हाई. जित्ती असंल तर बगून सांगतो. जेवाया काय करनार?”

मी सांगितलं, मटण. तो लगेच चष्म्याचं घर शोधायला लागला.

पेंटर येणार हे घरात कळलं तेव्हा पहिली गडबड मामंजींनी केली. त्यांना अचानक खंडाळ्याच्या पाहुण्यांची आठवण झाली. तिकडे लग्न आहे, जायलाच पाहिजे.

“ह्या दिसांत कसलं लग्न?” थोरल्या म्हणाल्या. “कुटं जायचं न्हाई. फोटूत माज्याशेजारी उबं ऱ्हायाचं. आन् ती दाडी काडायची. माज्या बगलेत केरसुनी नगं.”

“नवस हाय,” मामंजी बैलाला म्हणाले.

“कुटल्या देवाचा?”

मामंजींनी बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकलली.

“तुमाला देव आटवना, मग देवाला तरी नवस कुटला आटवतोय? फिटला समजा.”

वाचकांच्या मनात शंका येईल, की नवऱ्याचं बिनदाढीचं तोंड या बाईनं कधी बघितलंच नव्हतं का? तर त्या काळी लग्नानंतर वर्षभर सासूसमोर नवऱ्याकडे मान वर करून बघायची सोय नव्हती. पुढे मान वर झाली तेव्हा दाढी आली होती.

ठरल्या दिवशी सकाळी न्हावी आला. मामंजी ओसरीवर असे बसले जसं काही न्हाव्याच्या पिशवीत खाटकाची सुरी आहे. दाढी पडत गेली. खालून गोरं, मऊ, सुरकुतलेलं, दात गेल्यानं आत बसलेलं तोंड निघालं. आणि हनुवटीवर एक ठिपका. गोंदलेला नव्हे. जन्माचा तीळ.

मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो मी खाली ठेवला. मामंजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत एवढी गयावया होती की दगडाला पाझर फुटावा. मी दगडाची नव्हते, सांगलीची होते. आमच्याकडे पडदा अर्धा उघडल्यावर कुणी नाटक बंद करत नाही. मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि थोरल्यांच्या निळ्या लुगड्याच्या निऱ्या काढायला लागले. त्यांनी मुद्दाम निळंच निवडलं होतं.

पावरहाऊससमोर जत्रा भरली होती. उंब्रजचा फोटोवाला तीन पायांचा कॅमेरा आणि काळं फडकं घेऊन आला होता. चौकीदारानं कवटीवर हार घातला होता, का ते त्यालाच ठाऊक. थोरल्या लाईटबाईच्या पायाशी उभ्या राहिल्या, एक हात अलगद गालावर, वरच्यासारखा. मामंजींना शेजारी ओढलं. त्यांनी उपरणं हनुवटीपर्यंत गुंडाळलं होतं. फोटोवाल्यानं पुढे होऊन ते काढून घेतलं. धाकट्या न बोलावता दुसऱ्या बाजूनं चौकटीत शिरल्या.

तेवढ्यात मी चाचाला गर्दीतून पुढे आणलं. तो चष्मा पुसत होता. फोटोवाला काळ्या फडक्यात घुसला, म्हणाला हलू नका, आणि बटण दाबलं.

तो फोटो आमच्याकडे आहे. भिंतीला त्याच महिन्यात चुना लागला, त्रिकोण आला, पुढे त्रिकोणावर सिमेंटची जाहिरात आली. थोरल्या गेल्या तेव्हा दुसरा फोटो नव्हता म्हणून हाच फ्रेम करून ओसरीवर लावला. त्यात त्या समोर बघताहेत, मान ताठ, पुढचे दात ओठांबाहेर, आणि तोंडावर असा गर्व की बघणाऱ्यानं हात जोडावेत. आयुष्यातला एकुलता एक फोटो, आणि त्यात त्या अजून देखण्या आहेत. कारण पेंटरनं चष्मा अजून डोळ्याला लावलेला नाही.

मग त्यानं तो लावला.

आधी भिंतीकडे बघितलं, कुरवाळल्यासारखं. मग खाली. थोरल्यांनी हनुवटी पुढे केली. धाकट्यांनी पदर मागे सारला. चाचा दोघींच्या मधून, रस्त्यातल्या खांबांकडे बघावं तेवढंही न बघता, सरळ मामंजींपुढे गेला. रंगाच्या बोटांनी त्यांची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, तिळावरून अंगठा फिरवला. आणि त्याचा चेहरा पडला.

“आरारारा! आगं बाई,” तो म्हणाला, “तुजं दात कुटं गेलं?”

चाचाला वाटलं लोकांना समजलं नाही, म्हणून त्यानं गावाकडे वळून मोठ्यानं फोड केली. “आवं, येक बी घरंदाज बाई माज्याफुडं उबी ऱ्हाईना. मालक म्हनला, काम बंद कर. मग गनपतीच्या नाटकातलं बाईचं पार्ट करनारं हे पोरगं गाटलं. लुगडं नेसून आत इंजनाशेजारी उबं ऱ्हायाचं. काय रूप हुतं! काय निऱ्या! असली बाई मी पुन्ना काडली न्हाई.”

गर्दीतून एक म्हातारी ओरडली, “आन् आमी ओट्या भरल्या त्या कुनाच्या रं?”

मग फुटलं गाव. चौकीदार खाली बसला. धाकट्या भिंतीला टेकून हसता हसता रडल्या, हरल्याचं दुःख त्यांना त्या दिवशी तरी सुचलंच नाही. “थोरल्या बाई,” त्या कसंबसं म्हणाल्या, “मन छोटं करू नगा. ठिपका घरातच ऱ्हायला!” मामंजी उपरणं शोधत होते. ते फोटोवाल्याच्या खांद्यावर होतं आणि फोटोवाला हसण्यात गुंतला होता.

थोरल्यांचा गालावरचा हात अजून तसाच होता. त्यांनी वर बघितलं: निळं लुगडं, नथ, तिळाची हनुवटी, ते हसू. मग शेजारी बघितलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं निरखून. हात हळूच खाली आला. आणि साऱ्या गावासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“तरीच! आरशात असली बाई असल्यावर ह्ये माज्याकडं कवा बगनार?”